फुली आणि गोल

हवालदारीण थोरलीला टोचायची आणि धाकटीला टोचायची नाही. सगळ्याचं मूळ एवढंच.

हवालदारीण म्हणजे कोंबडी. तांबूस, जाडजूड. अंगणात फिरताना मान पुढे काढून, एक डोळा रोखून अशी बघायची की काहीही न करणाऱ्यालाही आपण काहीतरी केलंय असं वाटावं. थोरलीने तिला मुठीएवढी असल्यापासून वाढवली होती. तिच्या पायांना खवडे आले तेव्हा रोज रात्रीच्या जेवणाआधी तेल लावलं होतं, मांजराच्या तोंडातून एकदा सोडवलं होतं. आणि आता हीच कोंबडी अंडी उबवायला खुडूक होऊन मागच्या पडवीतल्या टोपलीत बसली, तेव्हा थोरलीचा हात जवळ आला की पिसं फुगवून टचकन टोचायची. मनगटाला, बोटाच्या पेराला, जिथे मांस कमी तिथे नेमकी.

धाकटी यायची ती दवाखान्यातून, नर्सचा पांढरा पोशाख न बदलता. टोपलीशी उकिडवी बसायची. "आता हात लावते हं," म्हणायची आणि पोटाखाली सरळ मनगटापर्यंत हात घालायची. हवालदारीण घशात उकळत्या पाण्यासारखा आवाज करायची आणि डोळे मिटायची.

"बघ ताई, किती गरम आहे! ताप असल्यासारखी," धाकटी म्हणायची.

"खुडूक कोंबडी गरमच असते," थोरली म्हणायची, आणि मनगट पदराखाली घ्यायची.

दोघींनी पन्नाशी ओलांडलेली. थोरली शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत तिचं दुकान. दोन मशिनं, कापायचं मोठं टेबल, इस्त्रीचं टेबल, आणि कोपऱ्यात काळा पडदा लावून केलेला माप घ्यायचा आडोसा. धाकटी लग्न होऊन गेली होती. नवरा वारल्यावर सहा महिन्यांपूर्वी बदली मागून परत या घरात राहायला आली. आली तेव्हा थोरलीने तिला मिठी मारली, मागची खोली रिकामी करून दिली, नवीन पडदे शिवले. ते सगळं मनापासून होतं. पण बहीण चार दिवसांची पाहुणी असणं वेगळं आणि रोज सकाळी आपल्याच कपातून चहा पिणारी असणं वेगळं.

त्यांचे वडील कोंबड्या पाळायचे. ते तोंडाने गोड नव्हते. धाकटीला शाळेत बक्षिसं मिळाली, ती नर्सिंगला गेली, तिचं लग्न झालं. थोरलीच्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही. पण कोंबडी बसवायची वेळ आली की वडील म्हणायचे, "थोरलीला बोलवा. तिच्या हाताला गुण आहे." बारा अंडी ठेवली तर अकरा पिल्लं, कधी बाराच्या बारा. घराच्या वाटणीत थोरलीला हातगुण आला होता, आणि तो तिने जपून वापरला होता.

पेटी उघडून बघितली तर आतला दागिना दुसऱ्याच्या गळ्यात दिसावा, तसं तिचं झालं ते शेजारच्या घड्याळजींमुळे. ते पँटची शिवण घालून घ्यायला आले होते. मागच्या दारातून त्यांना टोपली दिसली आणि टोपलीत कोपरापर्यंत हात घातलेली धाकटी दिसली.

"वा, नर्सबाई! कोंबडीही पेशंटसारखी गप्प! हाताला गुण आहे हो तुमच्या!"

थोरली त्या वेळी कुणाच्यातरी सदऱ्याची बाही कापत होती. कात्री खडूच्या रेषेच्या आतून गेली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"गुण कसला," धाकटी हसून म्हणाली. "गुण ताईचा. मी नुसती चाचपते."

हे तर जास्तच झोंबलं. मोठेपणा आपला आणि तो वाटणार ही.

अंडी बसवायचं ठरलं तेव्हा थोरलीने आपली सहा काढली. गेले तीन आठवडे ती खुराड्यातली नीट आकाराची, ना फार मोठी ना फार लहान, अशी अंडी निवडून बाजूला ठेवत होती. धाकटी म्हणाली, "सहा माझी ठेवूया? आमच्या दवाखान्यात एक म्हातारे पेशंट होते, त्यांच्याकडून आणलीत."

"कसली कोंबडी?"

"साधीच असेल. बघू काय निघतंय ते." आणि तोंड फिरवून हसली. थोरलीने ते हसणं बघितलं आणि मनात नोंदवून ठेवलं.

बसवलेल्या अंड्यांवर खूण करायची ही वडिलांची पद्धत. दुसरी एखादी कोंबडी त्याच टोपलीत येऊन अंडं घालून जाते. बिनखुणेचं दिसलं की ते काढून घ्यायचं, नाहीतर सगळा हिशेब चुकतो. खूण शिसपेन्सिलीची, कारण शाई कवचातून आत झिरपते. या वेळी थोरलीने भर घातली. "माझ्यावर फुली, तुझ्यावर गोल. म्हणजे घोळ नको."

"अगं, घरातलीच पिल्लं. घोळ कसला?"

"असू दे. कळलेलं बरं."

काय कळलेलं बरं, ते दोघींनाही माहीत होतं. धाकटीने खांदे उडवले आणि सहा अंड्यांवर सहा गोल काढले. थोरलीने कानावरची पेन्सिल काढून सहा फुल्या मारल्या.

सातव्या दिवशी अंडी उजेडात धरून बघायची असतात. जिवंत अंड्यात लाल कोळ्यासारखं जाळं पसरलेलं दिसतं आणि मध्ये एक काळा ठिपका हलतो. काहीच नसलेलं अंडं दिव्याच्या काचेसारखं नुसतं पिवळं उजळतं. धाकटीची ड्यूटी संध्याकाळपर्यंत होती. दोघींनी मिळून बघायचं ठरलं होतं. पण दुपारी हवालदारीण दाण्यासाठी उठली, आणि थोरलीच्याने राहवेना. तिने टोपली उचलून दुकानात आणली, माप घ्यायच्या आडोशात नेली आणि काळा पडदा ओढून घेतला. दोऱ्याच्या रिळांच्या खोक्याला भोक पाडून आत बॅटरी ठेवली होती. एकेक अंडं ती भोकावर धरू लागली.

गोल. जाळं, ठिपका. गोल. जाळं, ठिपका. ठिपक्याने चक्क उडी मारली.

फुली. पिवळं.

तिने ते फिरवलं, हलकेच टिचकी मारली, परत धरलं. पिवळं. दुसरी फुली: आत एक बारीक लाल कडं, बांगडीसारखं, आणि त्यात काही नाही. म्हणजे जीव धरला होता आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच गेला. तिसरी पिवळी. चौथ्यात पुन्हा कडं. शेवटच्या दोन तेवढ्या जिवंत होत्या.

गोल सहाच्या सहा जिवंत.

आडोशात उकडत होतं. थोरलीच्या डोळ्यांसमोर संध्याकाळ उभी राहिली: ही इथे आपल्या शेजारी दाटीवाटीने उभी, एकेक अंडं धरणार, आणि "अरेरे, ताई" म्हणणार. ते "अरेरे" तिला आत्ताच ऐकू आलं. रोग्याच्या नातेवाइकांना सांगायच्या मऊ आवाजातलं. मग घड्याळजी येणार. मग सगळी गल्ली.

कागदी नमुन्यांसाठी वापरायचं खोडरबर टेबलाच्या खणात होतं. तिने विचार केला असं म्हणता येणार नाही. मापात चूक दिसली की हात जसा आपोआप उसवायला लागतो, तसं झालं. चार मेलेल्यांवरच्या फुल्या पुसून गोल काढले. चार जिवंतांवरचे गोल पुसून फुल्या मारल्या. घासल्या जागी कवच जरासं चकाकत होतं. तिने त्यावरून बोटाला लागलेली खडूची पूड फिरवली. हवालदारीण पोट भरून परत आली तेव्हा टोपली जागेवर होती. बसण्याआधी तिने अंड्यांकडे एका डोळ्याने पाहिलं, मग थोरलीकडे पाहिलं, आणि टोचलं.

संध्याकाळी सगळं ठरल्यासारखं झालं, फक्त "अरेरे" उलट्या बाजूने आलं.

"फुली, जिवंत," धाकटी म्हणत होती. "फुली, जिवंत. ताई, सहाच्या सहा! गोल, हे काय, कडं आहे. गोल, पिवळं..." शेवटी ती खोक्याकडे बघत राहिली. "माझी दोनच राहिली."

"होतं असं," थोरली म्हणाली, आणि तिला स्वतःच्या आवाजात तो मऊपणा ऐकू आला. इतका गोड वाटला की तिने आणखी एकदा म्हटलं. "होतं गं असं, चिमे. लांबून आणलेली अंडी. हिंदकळली असतील."

"मी मांडीवर घेऊन आले होते." धाकटी पडदा सारून बाहेर आली आणि कापायच्या टेबलाशी बसली. "पोटात ठेवणार होते पिल्लं निघेपर्यंत. पण आता दोनच आहेत, तर सांगूनच टाकते. बाबांच्या उघड्या मानेच्या कोंबड्या आठवतात?"

थोरलीला आठवणार नाहीत तर कुणाला? मानेवर एकही पीस नसलेल्या, लाल, कुरूप, खमक्या कोंबड्या. वडील गेल्यावर दुसऱ्याच वर्षी रोग आला आणि आठ दिवसांत खुराडं रिकामं झालं. थोरलीने एकटीने खड्डा खणला होता. त्यावर ती कुणाशी कधी बोलली नव्हती.

"ते म्हातारे पेशंट म्हणाले, तीस वर्षांपूर्वी एका माणसाकडून पिल्लं नेली होती. छत्री घेऊन कोंबड्यांना उन्हातून सावलीत हाकायचा म्हणे तो. मी म्हटलं, अहो, ते माझे बाबा! तेच वाण, ताई. त्यांनी दुसरा कोंबडा कधी मिसळूच दिला नाही. दोन बस बदलून गेले मी. तुझ्यासाठी." धाकटीने डोळे पुसले. "असू दे. त्या दोघांतलं एक जरी जगलं तरी ते तुझं."

थोरलीने हिशेब लावला. एक तर कळलं की चार उघड्या माना आता फुलीच्या अंड्यांतून बाहेर येणार. उघडी मान लपत नाही. पिल्लू ओलं असतानाच दिसते. चौदा दिवसांनी ती चार पिल्लं या घरात चार साक्षीदारांसारखी उभी राहणार.

आणि दुसरं असं, की इतकं होऊनही तिला बहिणीचा राग आला. इथे राहिले मी. खड्डा मी खणला. आणि बाबांचं वाण हिला सापडलं, ते एका खाटेवर, औषध देता देता! आणि सापडलं ते सापडलं, वर मला भेट देणार.

पुढचे दिवस थोरली नीट जेवली नाही. खुणा परत बदलाव्यात, तर धाकटीने मोजून ठेवलं होतं: सहा फुल्या, दोन गोल. सांगून टाकावं, तर जीभ उचलेना. रोज संध्याकाळी धाकटी टोपलीशी बसून सांगायची, "ताईची सहा मस्त आहेत हं," आणि थोरलीला पाटावर बसून मार खाल्ल्यासारखं व्हायचं. शेवटी एकच वाट उरली. पिल्लू बाहेर आलं की टरफलं टोपलीतून काढतातच. ती आपणच, लगेच काढायची. टरफल नाही तर खूण नाही. आठ पिल्लं, कोण कुठल्या अंड्यातलं, देव जाणे. चार उघड्या माना जास्त निघाल्या तर म्हणायचं, बघ, माझ्याही कोंबड्यांत बाबांच्या वाणाचं रक्त असेल कुठेतरी.

धाकटी यावर विश्वास ठेवणार नाही हे तिला माहीत होतं. पण विश्वास न ठेवणं आणि पुरावा असणं यांत फरक असतो.

विसाव्या दिवशी संध्याकाळी अंड्यांतून चिवचिव ऐकू आली. एकविसाव्या दिवशी उजाडताच थोरलीने दुकानाला आतून कडी घातली आणि पडवीत बसली. धाकटीची सकाळची ड्यूटी. ती सातला जाणार. सव्वासहाला एका अंड्याला टोचा पडला. फुली. भोकाभोवती बारीक चीर तासाभरात गोल फिरत गेली, कात्रीने कापावी तशी, आणि टोपी उघडल्यासारखं कवच वर उचललं गेलं. पिल्लू बाहेर पडलं. ओलं, काळसर, आणि मान उघडी, गुलाबी, सुरकुतलेली.

क्षणभर थोरली सगळं विसरली. वडिलांच्या तळहातावर बसलेलं असंच एक तिला दिसलं. मग तिने टरफलासाठी हात घातला.

हवालदारणीने आजवर टोचलं होतं ती नुसती तालीम होती. तिने करंगळीच्या बाजूचं मांस पकडलं आणि पिळलं. थोरली किंचाळली.

"काय झालं?" धाकटी दारात उभी. घरातल्या साडीत.

"तू गेली नाहीस?"

"ड्यूटी बदलून घेतली. आज कोण जातंय! निघालं? अगं बाई, उघडी मान! म्हणजे माझ्या दोघांतलं एक!" ती उकिडवी बसली. "टरफल कुठाय?"

टरफल थोरलीच्या मुठीत होतं. मूठ पाठीमागे. मुठीतून रक्ताचा एक थेंब फरशीवर पडला.

"दाखव, किती लागलंय ते."

"काही नाही."

"ताई, हात दाखव," नर्स म्हणाली. तीस वर्षं हेच वाक्य म्हणून तिने भल्याभल्यांच्या मुठी उघडल्या होत्या. थोरलीची मूठ उघडली. टरफलाचा चुरा झाला होता, पण आतल्या पापुद्र्याने तो धरून ठेवला होता, आणि त्यावर शिंप्याच्या पेन्सिलीची फुली, सरळ, टोकदार.

धाकटीने फुलीकडे पाहिलं. पिल्लाकडे पाहिलं. 

"किती?" धाकटीने विचारलं.

"चार."

"कधी?"

"सातव्या दिवशी. दुपारी."

"म्हणजे ती मेलेली चार..."

"माझी," थोरली म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून निघू नये म्हणून तर सगळं केलं होतं. "माझी होती. तुझी सहाच्या सहा जिवंत होती. झालं समाधान?"

"माझं समाधान?" धाकटीचा आवाज आता मऊ नव्हता. "मी चार दिवस रडले! म्हटलं, बाबांचं वाण माझ्या मांडीवर मेलं. त्या म्हाताऱ्यांना काय तोंड दाखवू! आणि तू मला सांगतेस, 'हिंदकळली असतील'! लाज नाही वाटली?"

"वाटली."

"मग?"

"लाजेपेक्षा पोटात जास्त दुखत होतं."

धाकटी उठली, आतून औषधाची पेटी आणली, बहिणीची करंगळी गरजेपेक्षा जोरात पुसली आणि पट्टी बांधू लागली. बांधता बांधता तिच्या कपाळावर आठी पडली. पण ती आठी रागाची नव्हती.

"दोन अंड्यांत कडं होतं. म्हणजे ती फळलेली होती. पिवळी दोन तर त्याहून आधी गेली असतील. तुझा कोंबडा ठीक आहे. अंडी किती दिवसांची होती?"

"तीन आठवडे जमवली. शेवटची दोन ताजी."

"आणि तीच दोन जगली. ठेवली कुठे होतीस?"

"फळीवर. दुकानात."

"कुठल्या फळीवर?"

"इस्त्रीच्या टेबलावरच्या. मांजर पोचत नाही तिथे."

"ताई!" धाकटीने पट्टी सोडून कपाळाला हात लावला. "तिथे मेणबत्ती वाकते! दिवसभर खाली इस्त्री, रात्री गार. अंडी तीन आठवडे अर्धी उबली, अर्धी गोठली! जगतील कशी?"

थोरलीला माठ आठवला. वडिलांच्या वेळी अंडी माठाशेजारी, गारव्याला असायची. मांजर आलं गेल्या वर्षी, आणि फळी तेव्हापासूनची.

"म्हणजे हात नव्हता," ती हळूहळू म्हणाली. "फळी होती."

"फळी होती! आणि तू..."

"फळी होती!" थोरलीचा चेहरा असा उजळला की धाकटीला आणखीच संताप आला.

"हसतेस काय! आठही टरफलं तूच काढायची आज. हात आत घालून. मी नाही मदत करणार."

"काढते."

"आणि घड्याळजींना खरं सांगायचं."

"ते बघू," थोरली म्हणाली.

दिवसभर पिल्लं निघत राहिली. एक उघडी मान, एक साधी, मग दोन उघड्या. थोरली प्रत्येक वेळी हात घालायची, हवालदारीण प्रत्येक वेळी टोचायची, आणि धाकटी भिंतीला टेकून चहा पीत मोठ्याने मोजायची. "चार! हां, पाच! वरून काय झडप घालतेस घारीसारखी! बाजूने घाल. आधी बोल तिच्याशी."

"कोंबडीशी काय बोलू?"

"मी सगळ्यांना सांगते तेच. हात लावते हं."

थोरलीला ते वेडगळ वाटलं. पण सहाव्या टरफलाच्या वेळी तिने बाजूने, जमिनीलगत हात नेला आणि पुटपुटली, "लावते हं हात." हवालदारणीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. टोचलं, पण हळू.

आठवं पिल्लू दुपार कलताना निघालं, तेही उघड्या मानेचं. आता धाकटीला राहवलं नाही. तिने कप खाली ठेवला, पुढे सरकली, "आता हात लावते हं," म्हणाली आणि पिल्लू उचलायला हात घातला.

पिल्लांची आई झालेली हवालदारीण आता कुणाचंच ऐकणार नव्हती. तिने नर्सच्या अंगठ्याला असा चावा घेतला की धाकटी मागच्या मागे फरशीवर बसली.

"आई गं! मला? मला टोचलं हिने?"

थोरलीने औषधाची पेटी पुढे ओढली, बहिणीचा अंगठा हातात घेतला आणि कापूस भिजवला. तिला अतिशय बरं वाटत होतं आणि ते लपवायचा तिने अजिबात प्रयत्न केला नाही.

"अरेरे, चिमे," ती म्हणाली. "होतं गं असं."